वाचली असती का?

गरोदरपणात किंवा बाळंतपणात दगावलेल्या बाईच्या घरी मृत्यूची हकिगत विचारायला आरोग्य खात्याची टीम जाते. फॉर्म भरून होतो, सह्या होतात, टीम चपला शोधायला उंबऱ्याबाहेर येते आणि तेवढ्यात मागून कुणीतरी विचारतं, "पण सिस्टर, वाचली असती का वो ती?" विचारणारी बहुतेक वेळा बाईच असते, आणि मघापासून ती एक शब्दही बोललेली नसते. गेलेल्या बाईची जाऊ, नणंद, नाहीतर अजून लग्न न झालेली धाकटी बहीण. दोन तास पुरुषमंडळी बोलत होती, गाडी कितीला ठरवली, कोणत्या दवाखान्यात कोण काय म्हणालं, आणि ही चुलीपाशी बसून ऐकत होती. तिच्या प्रश्नाला टीमकडे एक ठरलेलं उत्तर असतं: "रिपोर्ट वर जाईल, मग कळेल." रिपोर्ट वर जातो हे खरं. कळतंही. तालुक्याला कळतं, जिल्ह्याला कळतं, राज्याला कळतं. त्या चुलीपाशी बसलेल्या बाईला तेवढं कळत नाही. मातामृत्यू अन्वेषणाचं काम जवळून माहीत असलेल्या कुणालाही हा उंबऱ्यातला प्रश्न नवा नाही, आणि तरी त्याची तयारी करून कुणी जात नाही, हे मला खटकत राहतं.

बाकी तयारी पुष्कळ असते. गावात १५ ते ४९ वयाची कुठलीही बाई दगावली, अगदी विहिरीत पडून किंवा साप चावून, तरी आशाताईने चोवीस तासांत फोन करायचा असतो. सगळे मृत्यू का? कारण फक्त बाळंतिणीचे मृत्यू कळवा असं म्हटलं की निम्मे गळतात. दोन-तीन महिन्यांची पोटुशी होती हे घरातही सगळ्यांना ठाऊक नसतं. कुठल्या तरी गोळ्या घेऊन गर्भ पाडताना गेली असेल, तर "पोटात दुखलं आणि गेली" एवढंच सांगितलं जातं. लग्न न झालेली मुलगी असेल तर तेवढंही सांगत नाहीत. म्हणून आधी सगळी नावं घ्यायची, मग एएनएम, म्हणजे उपकेंद्राच्या सिस्टरने घरी जाऊन बघायचं: दिवस गेले होते का, बाळंतपण किंवा गर्भपात होऊन ४२ दिवस उलटले होते का. बेचाळिसाव्या दिवसापर्यंतचा मृत्यू यादीत येतो, त्रेचाळिसाव्या दिवशीचा या यादीत येत नाही. सर्पदंशाने गेलेली गरोदर बाई मातामृत्यूत धरत नाहीत. हृदयाची झडप आधीच खराब असलेली आणि सातव्या महिन्यात दम लागून गेलेली धरतात. गरोदरपणात जीव दिलेलीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या वर्गीकरणाप्रमाणे मातामृत्यूतच मोडते. पण तिथे पोलीस, माहेर आणि सासर असे तिघे आधीच घरात शिरलेले असतात. आरोग्य खात्याचा माणूस चौथा.

मग गाव कुठलं धरायचं, हा घोळ. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, तपासण्या थोड्या इथे थोड्या तिथे, आणि मृत्यू तिसऱ्याच जिल्ह्याच्या रुग्णालयात. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं याहून अवघड. दिवाळीनंतर ती बीडहून निघते तेव्हा पाचवा महिना असतो. उसाच्या फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, आठवा-नववा लागतो. तिथली आशा तिला ओळखत नाही, इथली आशा तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहून मोकळी झालेली असते. मृत्यू झाला की दोन जिल्ह्यांत पत्रं फिरतात. टोळी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येत नाही, म्हणून ज्यांनी तिला गाडीत घातलं ते साक्षीदार चार महिने सापडत नाहीत. सापडतात तेव्हा वेळा विसरलेले असतात.

घरी जायचं कधी, याचंही गणित आहे. व्हर्बल ऑटॉप्सी, म्हणजे घरच्यांना विचारून मृत्यूची हकिगत लिहून घेणं, तीन आठवड्यांच्या आत व्हायला हवी. दहाव्याच्या आधी घरात पाऊल टाकणं बरं दिसत नाही, तेराव्यापर्यंत पाहुण्यांची वर्दळ असते आणि पाहुण्यांसमोर कुणी खरं बोलत नाही. म्हणजे चौदाव्या ते एकविसाव्या दिवसातला आठवडा हाताशी राहतो. आदिवासी पाड्यांवर सुतकाचे हिशेब वेगळे, मुसलमान घरात वेगळे. ते आशाताईला विचारून घ्यायचे. तीन जणांची टीम असते, त्यात एक तरी बाई हवीच. दारात सरकारी गाडी उभी केली की अर्धं गाव जमतं, त्यामुळे जाणत्या सिस्टर गाडी शाळेपाशी ठेवून चालत जातात. खाटेवर किंवा खुर्चीवर बसायचं नाही, घरची माणसं बसली असतील तिथे खाली बसायचं. चहा आला तर घ्यायचा. फॉर्म पहिली पंधरा-वीस मिनिटं पिशवीतून काढायचा नाही. आशाताईने घर दाखवावं आणि काहीतरी कामाचं निमित्त करून बाहेर पडावं, कारण तिच्यासमोर घरचे तिच्याबद्दल बोलणार नाहीत. आणि बऱ्याचदा तिच्याबद्दल बोलायचं असतंच. बिचारीला बाहेर ओसरीवर ते सगळं ऐकू येतं, हा भाग वेगळा.

विचारायचं कसं हे प्रशिक्षणात शिकवतात, पण एका दिवसाच्या प्रशिक्षणात ते अंगात भिनत नाही. "उशीर का केला?" हा प्रश्न एकदा तोंडातून गेला की त्या घरातली हकिगत संपली. पुढची उत्तरं म्हणजे वकिली. "बरं, मग?" एवढंच म्हणत राहावं. फॉर्मात गरोदरपणातला मृत्यू, बाळंतपणातला, नंतरचा असे भाग आहेत, होय-नाहीचे रकाने आहेत, आणि घरच्यांच्या शब्दांत हकिगत लिहायला मोकळी जागा आहे. ती जागा बहुतेकांनी दोन ओळींत भरलेली असते, कारण रकाने संगणकात चढतात आणि हकिगत चढत नाही. खरं तर मृत्यू का झाला ते त्या मोकळ्या जागेतच असतं. घड्याळातली वेळ घरच्यांना सांगता येत नाही, पण कळा सुरू झाल्या तेव्हा गुरं घरी आली होती, लाल जायला लागलं तेव्हा शेवटची एसटी गेली होती, हे बरोबर सांगतात. शेवटची एसटी कितीला जाते ते स्टँडवर कळतं. १०८ ला फोन कधी केला ते नवऱ्याच्या मोबाइलमध्ये कळतं, लवकर गेलात तर. उशिरा गेलात तर कॉलची यादी पुढे सरकलेली असते. रक्त किती गेलं हे मिलिलिटरमध्ये विचारणारा माणूस वेडाच. किती लुगडी भिजली, गोधडीच्या खाली जमिनीवर उतरलं होतं का, गाडीची सीट नंतर कुणी धुतली? सीट धुणाऱ्याला सगळ्यात नेमकं ठाऊक असतं. गाडी घेऊन गेलेला हा शेजारी कुणाच्याच यादीत नसतो.

आणि मग ती पिशवी येते.

प्रत्येक घरात ती असते. साड्यांच्या दुकानाची किंवा मेडिकलची प्लास्टिकची पिशवी, गाठ मारून मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवलेली. आत माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे चकचकीत कागद एकमेकांना चिकटलेले, रक्तपिशवीची पावती, गाडीवाल्याच्या नंबरची चिठ्ठी, आणि अर्ध्या पानाची रेफरची चिठ्ठी. ती कशी वाचायची हे ज्याला येतं त्याला निम्मी हकिगत न विचारता मिळते. कार्डावर पाच भेटींत रक्तदाब ११०/७० असा एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिला असेल तर तो एकदाच लिहिलेला आहे. हिमोग्लोबिन तिसऱ्या महिन्यात १०.२, सातव्यात १०.२, नवव्यात १०.२ असेल आणि रुग्णालयात पोचल्यावर ५.८ निघालं असेल, तर कार्ड बोलत नाही, उपकेंद्रातली संपलेली तपासणी-पट्टी बोलते आहे. सात ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन असलेल्या बाईला तीव्र रक्तक्षय म्हणतात. तिच्या अंगातून थोडंसं रक्त गेलं तरी ते थोडं नसतं. रेफरच्या चिठ्ठीवर बघायचं ते एवढंच: वेळ लिहिली आहे का, पाठवण्यापूर्वी काय दिलं ते लिहिलं आहे का, आणि पुढच्या दवाखान्याला फोन केल्याची नोंद आहे का. तिन्ही असलेली चिठ्ठी क्वचित मिळते.

मातामृत्यूकडे तीन विलंबांच्या चौकटीतून बघायची रीत थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ साली मांडली. घरातून निघायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. आपल्याकडच्या अहवालांत पहिला विलंब भरघोस लिहिला जातो. नातेवाईक अशिक्षित होते, त्यांनी वेळेवर निर्णय घेतला नाही, भगताकडे नेलं. असेलही. पण घराला सही करता येते, उलट पत्र लिहिता येत नाही, हेही त्या भरघोसपणामागचं एक कारण आहे. तिसरा विलंब लिहिला तर कुणाला तरी नोटीस निघते. बाळंतपणानंतर पाचशे मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव. नऊ महिने भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त फिरत असतं, आणि वार पडल्यावर ते आकसलं नाही तर उपचाराविना सरासरी दोन तासांत बाई जाते. ते आकसावं म्हणून बाळ जन्मल्याबरोबर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट दंडात किंवा मांडीत द्यायचं असतं. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. दोन दिवस लाइट नसलेल्या उपकेंद्रातलं, किंवा एरवीही खिडकीतल्या ट्रेमध्ये ठेवलेलं इंजेक्शन दिलं तर 'इंजेक्शन दिले' अशी नोंद अगदी खरी होते आणि गर्भाशय आकसत नाही. हे फॉर्मात कुठे येणार? फ्रीजच्या तापमानाची वही घराच्या भेटीत नसते, उपकेंद्रात असते, आणि तीही कधी कधी महिनाअखेरीला एकदम भरलेली.

झटक्यांचंही तसंच. रक्तदाब वाढून झटके आलेल्या बाईला उपकेंद्रातूनच मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवायचं असतं, दोन्ही कुल्ल्यांत खोलवर ५-५ ग्रॅम. एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम असतं. म्हणजे समोर बाई झटके देते आहे, सासू तिच्या दातांत चमचा घालायला धडपडते आहे, आणि एकट्या सिस्टरने दहा अँप्युल फोडून दोन मोठ्या सिरिंजमध्ये भरायच्या. तिने ते आयुष्यात एकदाच, प्रशिक्षणात पुतळ्यावर केलेलं असतं. ती घाबरते आणि न देता गाडीत घालून देते. अहवालात येतं: 'मॅग्नेशियम सल्फेट उपलब्ध असूनही दिले नाही, कर्तव्यात कसूर.' नोटीस निघते. पुढच्या वेळी त्या तालुक्यातल्या सगळ्या नोंदींत मॅग्नेशियम सल्फेट दिलेलं असतं. दिलं की नाही ते देव जाणे. अन्वेषणात कुणाला दोषी धरायचं नाही हे तत्त्व केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेत पहिल्यापासून, २०१० पासून आहे, आणि ते पाळलं न गेल्याचा परिणाम एवढाच की कागद दरवर्षी जास्त स्वच्छ होत जातो. रुग्णालयातल्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे' लिहिण्याची सवयही याच जातीची. दाखल्यावर तात्कालिक कारण, त्याआधीचं, आणि सगळ्यात खाली मूळ कारण अशा ओळी असतात. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं. खालची ओळ रिकामी राहिली की मृत्यूचा आढावा घेणारी पुढची सगळी समिती त्या रिकामपणावर चर्चा करते.

समितीच्या बैठकीचा एक भाग मला चांगला वाटतो आणि त्याच भागाचा रागही येतो. जिल्हाधिकाऱ्यांसमोर काही निवडक मृत्यूंचा आढावा होतो तेव्हा जवळच्या दोन नातेवाइकांना बोलावतात. नवरा आणि सासरा, नाहीतर नवरा आणि बाईचा बाप. बाई क्वचित. बाप आणि नवरा एकाच बाकावर दोन टोकांना बसलेले असतात, मधे पाण्याच्या बाटल्या. त्यांचं म्हणणं आधी ऐकून घेतात, डॉक्टरांच्या दडपणाविना बोलता यावं म्हणून, आणि ही योजना खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. म्हणणं झालं की त्यांना प्रवासखर्च देऊन पाठवतात. त्यानंतर डॉक्टर, सिस्टर, तालुका आरोग्य अधिकारी आत येतात, केसपेपर उघडतो, कारण ठरतं, विलंब ठरतो, टाळता आला असता की नाही तेही ठरतं. जिन्यावरून उतरणाऱ्या त्या दोघांच्या प्रश्नाचं उत्तर वीस मिनिटांनी त्याच खोलीत तयार होतं, आणि ते इतिवृत्तात जातं.

उत्तर सांगण्याला विरोध का होतो हे मला कळतं. रुग्णालयं फोडली गेलेली आहेत. २०१० साली त्यासाठी राज्याने कायदा केला, तरी रात्रपाळीच्या डॉक्टरला तो कायदा रात्री दोन वाजता उपयोगी पडत नाही. तोंडून एक वाक्य गेलं आणि ते उद्या ग्राहक आयोगात वाचून दाखवलं तर? ही भीती खोटी नाही. पण उत्तर न दिल्याने घर गप्प बसतं असं समजणं चूक आहे. घर स्वतःचं उत्तर तयार करतं. पोरीला सासरच्यांनी मारली असं माहेर ठरवतं. पांढऱ्या पायाची होती असं सासर ठरवतं. जाऊ ठरवते, आपण त्या रात्री तिला "जरा कळ काढ" म्हणालो म्हणून गेली. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात वाईट, कारण ती कुणी बोलून दाखवत नाही. त्या जावेला कुणीतरी सांगायला हवं असतं की तुम्ही पाऊण तासात निघालात, ते वेळेवर होतं. पुढे दोन ठिकाणी मिळून साडेतीन तास गेले. किंवा गर्भजल रक्तात शिरून गेलेल्या बाईच्या घरी सांगायला हवं, की मोठ्या शहरात, मोठ्या दवाखान्यातही यातून अनेक बायका वाचत नाहीत. आणि जिथे घराचाच उशीर झाला, तिथेही. तिथे सांगणं फार अवघड, पण पुढची सून, पुढची मुलगी त्याच घरात असते.

इंग्लंड-वेल्समध्ये असा गोपनीय आढावा १९५२ पासून चालतो, केरळात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ साली सुरू केला. दोन्हीकडे डॉक्टरांनी आपल्या चुका आपसात उघड बोलाव्यात यासाठी नावं झाकण्यावर भर आहे. घराला उत्तर द्यायचं, ही गोष्ट तिथेही उशिरानेच आली. ब्रिटनमध्ये २०१८ पासून बाळ दगावल्यावर होणाऱ्या आढाव्यात आई-वडिलांना आधी विचारतात की तुमचे प्रश्न काय आहेत. सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये दाखल्यावरचं कारण तपासणारा स्वतंत्र डॉक्टर नातेवाइकांशी बोलतो, कारण समजावून सांगतो आणि काही शंका आहे का विचारतो. त्यांच्याकडे माणसं जास्त, पैसा जास्त, हे मान्य. पण प्रश्न आधी विचारून घ्यायला पैसा लागत नाही. आपल्या फॉर्मात एक ओळ लागते.

दरम्यान घराला जे खरोखर लागतं ते उत्तराआधीचं असतं आणि ते देता येतं. बाळ जिवंत असेल तर ते आता बिनआईचं आहे आणि चौदाव्या दिवशी त्याला बाटलीतून पातळ केलेलं गाईचं दूध चालू असतं. बाटली बंद करायची, वाटी-चमचा किंवा पळीने पाजायचं, दुधात पाणी घालायचं नाही, जमलं तर डॉक्टरांनी सांगितलेली पावडर, आणि घरात कुणी अंगावर पाजणारी असेल तर तिला विचारायचं. आशाताईच्या बेचाळीस दिवसांपर्यंतच्या सहा-सात भेटी आईच्या मृत्यूने थांबत नाहीत, उलट या बाळाला त्या दुप्पट हव्यात. बाळ मामाकडे नेलं असेल तर तिथल्या आशाला फोन करून नाव चढवायचं, नाहीतर लसीकरणाच्या दोन्ही याद्यांतून ते गळतं. जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद २१ दिवसांत केली तर विनाशुल्क आणि विनाकटकट होते. पुढे विलंब शुल्क, वर्षानंतर अधिकाऱ्याचा आदेश. टीम भेट देते तेव्हा हे एकवीस दिवस नेमके संपत आलेले असतात, म्हणून दाखल्यांचं त्याच दिवशी विचारायचं. बालसंगोपन योजनेचा अर्ज करायचा तर हेच दाखले लागतात. हे सगळं सांगायला दहा मिनिटं पुरतात. ज्या सिस्टर ती दहा मिनिटं देतात त्यांना हकिगतही पुरी मिळते, हा योगायोग नाही.

उत्तर घेऊन कुणी जायचं? ज्या उपकेंद्राची चूक निघाली तिथल्या सिस्टरला पाठवणं क्रूरपणा होईल. तालुका आरोग्य अधिकारी गेले तर गाव त्याला चौकशी म्हणेल. मला वाटतं, ज्या बाईने हकिगत लिहून घेतली तिनेच जावं, सोबत त्या प्रकरणाशी संबंध नसलेला शेजारच्या केंद्राचा डॉक्टर. मृत्यूनंतर तीन-चार महिन्यांनी, समितीचं कारण ठरल्यावर. कागद हातात न देता, साध्या शब्दांत: काय झालं होतं, ते आजारपण कसं होतं, कुठे वेळ गेला, कशाने फरक पडला असता आणि कशाने पडला नसता. आणि खात्याने त्यानंतर काय बदललं तेही, बदललं असेल तर. चुलीपाशी बसलेल्या बाईलाही समोर बसवून.

याला वेळ कुठे आहे, असं बैठकीत हमखास कुणीतरी म्हणतं. २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या, २०१८-२० च्या पाहणीत ३३. दोन लाख वस्तीच्या तालुक्यात वर्षाला साधारण तीन हजार बाळंतपणं धरली तर मातामृत्यू सरासरीने एखादा. मेळघाटात, नंदुरबारात जास्त धरू, तीन धरू, चार धरू. तेवढ्याच फेऱ्या.